मांडवावरची घासणी

आंघोळीच्या साबणांच्या फळीवर हल्ली एक फिकट पिवळी, लांबट, जाळीदार वस्तू हमखास दिसते. पारदर्शक पिशवीत बंद, वर ‘नॅचरल लूफा’ अशी चिठ्ठी. ती उलटसुलट करून पाहणारे गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारते: हा समुद्रातला स्पंज का? कोणाला तो नारळाचा काथ्या वाटतो, कोणाला चक्क प्लॅस्टिक. हे वेलावर लागलेले फळ असेल, असे सहसा कोणाला सुचत नाही. त्याच फळाच्या कोवळ्या चकत्या आपण डाळीच्या पिठात बुडवून तळतो, हे तर मुळीच नाही.

लूफा म्हणजे वेलावरच पूर्ण पिकलेले, वाळलेले आणि सोललेले घोसाळे. खानदेशात आणि नाशिककडे ज्याला गिलके म्हणतात, तेच. जुन्या परसबागांना ही गोष्ट नवी नव्हती. बियांसाठी म्हणून मांडवावर एक-दोन घोसाळी राखली जात, ती वाळली की बिया डब्यात जात आणि उरलेली जाळी न्हाणीघरात किंवा भांड्यांच्या मोरीवर. परसबाग गेली, भाजी बाजारातून कोवळीच येऊ लागली, आणि वाळलेले घोसाळे बघितलेच नाही अशी पिढी तयार झाली. आता तीच वस्तू ती पिढी दुकानातून विकत आणते.

ती घरी करायला पाच-सहा महिने, थोडी माती, भरपूर ऊन आणि एक भक्कम मांडव लागतो.

१. मग समुद्रातला स्पंज कोणता?

शंका अगदीच निराधार नाही. समुद्रातही स्पंज असतो, पण तो प्राणी आहे. खडकाला चिकटून एका जागी राहतो, अंगावरच्या छिद्रांतून पाणी आत घेतो आणि त्यातले अन्नकण टिपतो. त्याचे मऊ अंग धुऊन काढले की उरतो तो सांगाडा म्हणजे स्नानाचा स्पंज. ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या हा स्पंज काढण्याचाच धंदा करत आले. काम एकच, म्हणून दोन्ही वस्तूंना लोक एकच नाव देतात. फरक लक्षात ठेवायला सोपा आहे: समुद्री स्पंज ओला झाल्यावर लुसलुशीत होतो, घोसाळ्याची जाळी मऊ पडली तरी अंगाला थोडी खरखरीत लागतेच. स्वयंपाकघरात हा खरखरीतपणाच कामाला येतो.

२. घोसाळे आणि दोडका

काकडी, कारले, दुधी, पडवळ, तांबडा भोपळा यांच्याच कुळात घोसाळे येते. शास्त्रीय नाव लुफा सिलिंड्रिका. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे दोडका, कोकणात आणि गोव्यात ज्याला शिराळे म्हणतात तो, लुफा अक्युटँगुला. दोघेही आशियातल्या उष्ण प्रदेशातले. दोडक्याच्या अंगावर दहा धारदार शिरा असतात, घोसाळ्याची साल गुळगुळीत असून तिच्यावर नुसत्या फिकट उभ्या रेघा दिसतात. बियांवरूनही ओळख पटते. घोसाळ्याची बी चपटी, काळी आणि कडेने बारीक पातळ पट्टी असलेली; दोडक्याची बी खडबडीत, तिला ती पट्टी नाही.

दोडका वाळवला तर जाळी होत नाही का? होते. पण शिरांच्या खाचांत साल घट्ट धरून बसते आणि सोलताना जाळी फाटते. म्हणून घासणीसाठी घोसाळेच लावावे.

बियाण्यांच्या दुकानात पुसा चिकनी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले प्राजक्ता ही वाणे मिळतात. ती भाजीसाठी निवडलेली असली तरी पिकू दिली की जाळी धरतातच. सातपुतिया नावाचे, घोसाने लागणाऱ्या बारीक फळांचे, याच गोतातले पीक बिहारकडे प्रसिद्ध आहे. चवीला उत्तम, पण घासणीसाठी ते फारच लहान. गावाकडून कोणी आपल्या मांडवावरचे गावठी बी दिले, तर सगळ्यांत चांगले. एवढेच विचारून घ्यावे की फळ किती लांब आणि किती जाड होते.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगायला हवी. या कुळातल्या काही फळांत कुकुरबिटासिन नावाचे कडू द्रव्य उतरते. रानात आपोआप उगवणाऱ्या कडू दोडकीत ते भरपूर असते. भाजीसाठी तोडलेले घोसाळे कडू लागले तर ते खाऊ नये, ‘औषधी असेल’ म्हणून तर अजिबात खाऊ नये. उलट्या आणि जुलाब ठरलेले. त्याच वेलावरची फळे घासणीसाठी मात्र बिनधास्त राखावीत.

३. गराची जाळी कशी होते?

कोवळ्या घोसाळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या थोड्या भागात वेलाने पुढची सगळी तयारी करून ठेवलेली असते. देठातून फळात पाणी आणि अन्न पोचवणाऱ्या सूक्ष्म नळ्यांचे जुडगे शिरतात, फाटे फोडतात, एकमेकांना मिळतात आणि सबंध गरात पसरतात. भाजी चिरताना ते जाणवत नाहीत, कारण अजून ते मऊ असतात. तोडायला आठवडाभर उशीर झाला की शिजलेल्या भाजीत दोरे लागू लागतात आणि घरात कोणीतरी म्हणते, ‘घोसाळे जून झाले.’

जून होणे म्हणजे काय, हे समजले की पुढचे सारे समजते. नळ्यांच्या भिंती सेल्युलोज या द्रव्याच्या असतात, कापसाचा धागाही त्याचाच. बिया भरू लागल्या की या भिंतींवर लिग्निन नावाचे दुसरे द्रव्य साचत जाते. लाकूड कडक होते ते लिग्निनमुळे. नळ्या आता कठीण आणि चिवट होतात, गर मात्र तसाच मऊ राहतो आणि पुढे सुकून, आटून जातो. वहीत ठेवून विसरलेल्या पिंपळपानाचा हिरवा भाग झडून नुसत्या शिरांची जाळी उरते, तोच प्रकार इथे एका जाडजूड फळाच्या आत, सर्व दिशांनी होतो.

वाळलेली जाळी आडवी कापून पाहावी. मधोमध गाभा आणि त्याच्याभोवती तीन लांब बोगदे दिसतात. बिया या बोगद्यांत असतात. बाहेरच्या थरातले धागे बहुतेक आडवे, फळाला वेढा घालणारे; आतल्या बाजूचे धागे उभे, देठापासून टोकापर्यंत गेलेले. आडवे-उभे धागे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे जाळी दाबली की चेपते, सोडली की पुन्हा फुगते, आणि पिळली तरी सहसा तुटत नाही. तिच्या आकारमानाचा बहुतांश भाग नुसती पोकळी असतो. त्या पोकळीत पाणी आणि हवा शिरते, म्हणून थोड्या साबणाचाही भरपूर फेस होतो.

फळाचे खालचे टोकही बघण्यासारखे आहे. तिथे एक छोटे गोल झाकण असते. फळ कडकडीत वाळले की ते झाकण आपोआप गळून पडते. मग वाऱ्याने वेल हलला की बोगद्यांतल्या बिया त्या भोकातून थोड्या थोड्या खाली सांडत राहतात. मांडवाखाली पुढच्या पावसाळ्यात न लावताच रोपे उगवतात, ती अशी.

४. जहाजात, शाळेत आणि भिंतीत

चिवट, हलकी, पोकळ आणि पाण्याने न विरघळणारी जाळी फक्त अंग घासायलाच वापरायची, असे जगाने कधी मानले नाही. इजिप्तमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात गेलेल्या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांना हा वेल तिथे लागवडीत दिसला आणि त्यांच्या लिखाणातून तो युरोपला कळला. घोसाळ्याच्या दुसऱ्या एका शास्त्रीय नावात ‘इजिप्तचा’ असे विशेषण आहे ते त्यामुळे, वेल मूळचा तिथला म्हणून नव्हे.

व्यापारी पीक म्हणून घोसाळे मोठे केले ते जपानने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे घासणीसाठी मुद्दाम शेती सुरू झाली आणि माल अमेरिकेला जाऊ लागला. अमेरिकेत तो न्हाणीघरापुरता राहिला नाही. वाफेच्या इंजिनांत पाण्यात मिसळलेले तेल गाळून घेण्यासाठी ही जाळी फार सोयीची ठरली आणि नौदलाच्या जहाजांवर तिचे गाळणे बसले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान आणि अमेरिका युद्धात समोरासमोर आले आणि पुरवठा तुटला. तेव्हा अमेरिकेला लॅटिन अमेरिकेतल्या देशांत लागवड करवून घ्यावी लागली. भाजीचे एक फळ युद्धसामग्रीच्या यादीत जाऊन बसले होते.

जपानी लोकांचा या वेलाशी संबंध त्याहून जुना आणि जवळचा. बुंध्याशी वेल कापून त्याचे टोक बाटलीत सोडायचे, रात्रभरात साठलेला रस त्वचेला लावायचा किंवा कफावर औषध म्हणून घ्यायचा, अशी तिथली रीत. आधुनिक हायकूचे प्रवर्तक मासाओका शिकी क्षयाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांच्या टोकियोतल्या घराच्या बागेत या रसासाठीच घोसाळ्याचा वेल होता. १९ सप्टेंबर १९०२ रोजी ते गेले. त्यांनी लिहिलेले अखेरचे तीन हायकू याच वेलाविषयी आहेत आणि त्यांची पुण्यतिथी जपानमध्ये घोसाळ्याच्या नावानेच पाळली जाते. तिथल्या प्राथमिक शाळांत चौथीची मुले विज्ञानाच्या तासासाठी हा वेल लावतात आणि ऋतूंप्रमाणे त्याची वाढ मोजत जातात. आपल्या शाळांनी हे उचलावे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हाच पेरणीची वेळ असते, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांच्या हातात आपापली घासणी येऊ शकते. बियांवाचून दुसरा खर्च नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वे देशात एल्सा साल्दिवार यांनी ग्रामीण बायकांना घोसाळ्याच्या शेतीकडे वळवले. जाळ्यांपैकी चांगल्या विकल्या जात, पण कमी प्रतीच्या वाया जात. पेद्रो पाद्रोस या अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी या टाकाऊ जाळ्या आणि वितळवलेले भंगार प्लॅस्टिक यांचे फलक तयार केले आणि ते स्वस्त घरांच्या भिंतींसाठी वापरात आणले. २००८ साली या कामाला रोलेक्स पुरस्कार मिळाला.

५. पेरणी केव्हा? उलटे मोजा

घोसाळे उन्हाळ्यातही लावतात आणि पावसाळ्यातही. भाजीसाठी दोन्ही हंगाम चालतात. घासणीसाठी मात्र पावसाळीच हंगाम धरावा, आणि त्याचे कारण फळ वाळण्याच्या दिवसांत आहे.

हिशेब उलटा करू. फळ वाळायला कोरडी हवा आणि ऊन लागते. महाराष्ट्रात पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात परततो. म्हणजे फळ पिकायला लागायची योग्य वेळ ऑक्टोबरची अखेर. मादीफूल फळल्यापासून फळ पूर्ण पिकायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे फळधारणा ऑगस्टच्या उत्तरार्धात व्हायला हवी. पेरणीपासून मादीफुले चांगली येऊ लागायला दीड ते दोन महिने जातात. म्हणजे बी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत मातीत पडायला हवे. मृगाचा पाऊस झाला की आजी-पणजी परसात वेल लावत, त्याचा हिशेब आणि हा हिशेब एकच निघतो.

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या वेलाची फळे मे-जूनमध्ये पिकतात आणि वाळायच्या आतच त्यांच्यावर पाऊस पडतो. आत बुरशी धरते, जाळीवर काळे डाग पडतात. थंड देशांतली अडचण वेगळी. तिथे सबंध उन्हाळाच लहान, आणि हिमाची पहिली रात्र वेल जाळून टाकते. म्हणून उत्तर अमेरिका-युरोपातले हौशी बागवाले घरात उबेला रोपे करून मगच बाहेर लावतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनीही मार्च-एप्रिलमध्ये घरातच बी रुजत घालावे.

६. आळे, कुंडी, मांडव

घोसाळ्याच्या बियांचे कवच कठीण असते. पेरण्याआधी बी रात्रभर, फार जुने असल्यास पूर्ण दिवसभर कोमट पाण्यात भिजवावे. जमिनीत हात-दीड हात रुंद-खोल खड्डा करून त्यात माती आणि कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे भरावे, मूठभर निंबोळी पेंड टाकावी. एका आळ्यात तीन-चार बिया बोटाच्या पेराइतक्या खोल टोचाव्या. आठ-दहा दिवसांत उगवण होते. चार पाने आली की सशक्त अशी दोन रोपे ठेवून बाकीची काढावी. कोकणासारख्या धो-धो पावसात आळे खोलगट न ठेवता उंचवटा करावा, नाहीतर पाणी साचून मुळे कुजतात.

गच्चीवर किंवा बाल्कनीत? जमते, पण लहान कुंडीत नाही. वेल पंधरा-वीस फूट सहज जातो आणि त्याला तेवढीच मुळे लागतात. पन्नास लिटरचा ड्रम किंवा तेवढी मोठी पिशवी घ्यावी, तळाला भोके पाडावीत, एका ड्रममध्ये एकच वेल ठेवावा. पाऊस उघडला की ड्रमला रोज पाणी लागते, आणि फळे भरत असताना एक दिवसही चुकवून चालत नाही. दिवसाचे सहा तास ऊन ज्या बाल्कनीत येत नाही, तिथे घोसाळ्याच्या नादी लागू नये.

मांडव ही काटकसरीची जागा नव्हे. भरलेले हिरवे घोसाळे किलोच्या घरात जाते आणि पानांवर पावसाचे पाणी साचते ते वेगळे. बांबूचे खांब, त्यावर आडवे बांबू आणि तार किंवा जाड सुतळीची जाळी असा माणसाच्या उंचीचा मांडव करावा. जागा कमी असेल तर उभी ताटी चालते. जमिनीवर वेल पसरू देऊ नये. मातीला टेकलेले फळ वाकडे होते, टेकलेल्या बाजूला सडते. मांडवावरून अधांतरी लोंबणारे फळ स्वतःच्या वजनाने सरळ वाढते. कुठे तणाव्याने एखादे कोवळे फळ करकचून आवळले असेल तर तेवढे सोडवून द्यावे.

वेल मांडवापर्यंत पोचेतो बगलफुटी खुडत राहाव्यात आणि मांडवावर गेला की शेंडा खुडावा. मग फांद्या फुटतात, आणि मादीफुले बहुतेक या फांद्यांवरच येतात.

७. ‘नुसता फुलतो, धरत काही नाही’

घोसाळे लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वेल पिवळ्याधमक फुलांनी भरून जातो, फुले रोज गळतात आणि एकही फळ दिसत नाही. लोक त्यांना वांझ फुले म्हणतात. ती नरफुले असतात.

एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. नरफुलांचा तुरा असतो, त्यातले एक-एक फूल रोज उमलते. मादीफूल एकटे येते आणि त्याच्या पाकळ्यांमागे बोटाएवढे इवलेसे घोसाळे आधीच असते. आधी नरफुले, मग मादीफुले असा क्रम ठरलेला आहे, तेव्हा तोवर धीर धरावा. या काळात घाबरून युरिया टाकला तर बिघडते. नत्र जास्त झाले की पाला माजतो, नरफुले वाढतात आणि मादीफुले आणखी लांबतात. वेलाला हवेच असेल तर मूठभर राख आणि शेणखत पुरे.

मादीफुले येऊनही ती पिवळी पडून गळत असतील तर परागकण पोचत नाहीत असे समजावे. घोसाळ्याचे फूल पहाटे-सकाळी उमलते. (दोडक्याचे संध्याकाळी, दोन वेल शेजारी असले तर हा फरक रोज पाहता येतो.) सकाळी मधमाश्या आणि भुंगे हे काम करतात. शहरातल्या उंच मजल्यावर ते नसतील तर माणसाने करावे. सकाळी नऊच्या आत ताजे नरफूल तोडायचे, पाकळ्या काढून टाकायच्या, मधल्या केसरांवरची पिवळी भुकटी मादीफुलाच्या मध्यावर हलक्या हाताने टेकवायची. तीन-चार दिवसांत मागचे इवलेसे फळ वाढू लागले तर साधले.

कळ्यांजवळ आणि पानांवर मुंग्यांची ये-जा दिसली तर औषध मारायची घाई नको. तिथे गोड रस पाझरतो, तो टिपायला त्या येतात. खरे शत्रू दोन. रोप लहान असताना पाने चाळणी करणारे लाल भुंगेरे, त्यांना सकाळी दव असताना हाताने वेचावे आणि पानांवर राख भुरभुरावी. दुसरी फळमाशी. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, फळ वाकडे होते आणि आतून सडते. असे फळ लगेच तोडून पिशवीत घट्ट बांधून टाकावे, मांडवाखाली पडू देऊ नये. फळमाशीसाठी कृषी सेवा केंद्रात कामगंध सापळे मिळतात. राखायची फळे कोवळी असताना जुन्या सुती कापडाची सैल पिशवी बांधली तरी माशी दूर राहते, आणि साल कडक झाल्यावर तिचे काही चालत नाही.

८. किती फळे राखायची?

इथे मनाशी निर्णय घ्यावा लागतो, कारण पिकणारे फळ वेलाची ताकद ओढून घेते. मांडवावर बिया भरलेली फळे लोंबू लागली की नवी फुले कमी होतात. सगळ्याच फळांची घासणी करू म्हटले तर एकही धड भरत नाही.

चौघांच्या घराचा हिशेब पाहा. भांड्यांसाठी हातात मावेल असा चार-पाच बोटे रुंदीचा तुकडा पुरतो आणि तो साधारण महिनाभर चालतो. म्हणजे वर्षाला बारा तुकडे. एका चांगल्या, फूटभर लांब घोसाळ्याचे असे तीन तुकडे होतात. चार घोसाळी झाली. आंघोळीसाठी प्रत्येकाला एक तुकडा, तोही महिन्याने बदलायचा, तर वर्षाला अठ्ठेचाळीस तुकडे, म्हणजे सोळा घोसाळी. एकूण वीस. एका वेलावर सहा-सात फळे सुखाने पिकतात. म्हणजे तीन वेल लावले की पूर्ण वर्षाची सोय होते. फक्त भांडी घासायची तर एकच वेल पुरे.

जुलै-ऑगस्टमधली पहिली फळे भाजीला तोडावीत. गणपतीच्या आसपास धरलेली, सरळ, जाड आणि न डागलेली फळे निवडून त्यांच्या देठाला रंगीत सुतळी बांधून ठेवावी, म्हणजे घरातले दुसरे कोणी ती भाजीला तोडणार नाही. राखायची फळे पुरेशी झाली की पुढची सगळी पुन्हा स्वयंपाकघरात.

९. तोडणे आणि सोलणे

हिरव्या फळाचा रंग आधी पिवळट आणि मग तपकिरी होतो. हातात घेतले की हलके वाटते. सालीवर अंगठा दाबला की ती आतल्या जाळीपासून सुटलेली जाणवते. हलवले की बिया खुळखुळतात. हवा कोरडी असेल तर फळ वेलावरच पूर्ण वाळू द्यावे. ऑक्टोबरात पाऊस लांबला तर मात्र पिवळी झालेली फळे देठासकट कापून पडवीत किंवा वाऱ्याच्या जागी टांगावीत.

पूर्ण वाळलेल्या फळाचे टोक आधी उघडावे. झाकण पडले नसेल तर बोटाने काढावे आणि फळ उलटे धरून आपटत बिया कागदावर घ्याव्या. एका फळातून शंभराहून जास्त बिया निघू शकतात. मग दोन्ही तळव्यांत फळ दाबत फिरवावे, साल तडकते आणि तिचे पापुद्रे निघू लागतात. कुठे चिकटून बसली तर फळ बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावे, सकाळी साल सहज निघते. पिवळ्या अवस्थेत सोललेल्या फळाची जाळी फिकट आणि जरा मऊ निघते. तपकिरी होईतो थांबले तर रंग गडद आणि धागा राठ. आंघोळीसाठी पहिली, कढईसाठी दुसरी.

सोललेली जाळी बुळबुळीत लागते. ही बुळबुळ सुकलेल्या गराची असते. तीन-चार पाण्यांत पिळून पिळून धुवावी, पाणी नितळ येईपर्यंत. मग कडक उन्हात दोन दिवस. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र रंगासाठी रसायनात बुडवावे लागते, घरी त्याची काही गरज नाही.

१०. वापरताना

कोरडी जाळी टोचते. पाण्यात मिनिट-दोन मिनिटे ठेवली की मऊ होते. पाठ, कोपरे, गुडघे, टाचा यांना ती उत्तम. चेहऱ्याला, लहान बाळाच्या अंगाला, खरचटलेल्या किंवा पुरळ उठलेल्या कातडीला लावू नये. भांड्यांत ती नॉनस्टिक तव्यालाही चालते, कारण तारेच्या घासणीसारखा ओरखडा काढत नाही. जळून चिकटलेल्या दुधाच्या पातेल्याला मात्र ती एकटी पुरणार नाही.

तिचा एकच मोठा दोष आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पाणी धरणाऱ्या पोकळ्यांत कातडीचे कण आणि तेलकटपणाही अडकतो, आणि ओलसर राहिले तर तिथे जंतू वाढतात. १९९४ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील एडवर्ड बॉटोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लूफातून अंगावर जंतुसंसर्ग पोचल्याचे दाखवले होते. त्याच अभ्यासाचा धडा सरळ आहे: वापरल्यावर पिळून, न्हाणीघराबाहेर वाऱ्यावर किंवा उन्हात टांगावी. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावी. वास येऊ लागला किंवा काळे ठिपके दिसले की टाकून द्यावी, आणि एकाची घासणी दुसऱ्याने वापरू नये. हे नियम नायलॉनच्या घासणीलाही तेवढेच लागू आहेत. फरक एवढाच की नायलॉनची टाकली तर ती वर्षानुवर्षे कचऱ्यात पडून राहते, झिजताना तिचे बारीक कण सांडपाण्यात जातात. घोसाळ्याची जुनी जाळी तुकडे करून खताच्या खड्ड्यात टाकली की तिची माती होते.

११. बी पुढच्या वर्षासाठी

सगळ्यांत सरळ, सगळ्यांत दाट जाळीच्या फळाचे बी वेगळे ठेवावे. काळ्या, टणक, भरलेल्या बियाच निवडाव्या, पांढऱ्या आणि पोचट टाकून द्याव्या. चार दिवस सावलीत वाळवून, थोडी राख मिसळून काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवावे, बरणीवर वाण आणि वर्ष लिहावे. असे बी कोरड्या जागी तीन-चार वर्षे उगवते. शेजारी दुसऱ्या वाणाचे घोसाळे असेल तर मधमाश्यांमुळे संकर होतो, म्हणून ज्या फुलाचे बी धरायचे त्यावर आदल्या संध्याकाळी कापडाची पिशवी बांधून सकाळी आपल्याच वेलाचे पराग लावावे आणि पिशवी पुन्हा दोन दिवस बांधून ठेवावी. संकरित बियाणे विकत आणले असेल तर त्याचे बी धरण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी फळे एकसारखी येत नाहीत.

एका फळाचे बी एका घराला संपत नाही. दहा-दहा बियांच्या पुड्या बांधा आणि मे अखेर इमारतीतल्या, गल्लीतल्या, मुलांच्या शाळेतल्या लोकांना द्या. सोबत एवढेच सांगा की पहिली फळे खा आणि गणपतीच्या आसपास धरलेली चार मांडवावर राहू द्या.